एक उच्चार, दोन शब्द : समोच्चारी शब्दांच्या लेखनाचा आढावा

शेतात उभे असते ते पीक आणि आंब्याच्या झाडावर गातो तो पिक. पहिल्यात दीर्घ ई, दुसऱ्यात ऱ्हस्व इ. कागदावर हा फरक उघड दिसतो. बोलताना मात्र फलटणचा बागायतदार, पुण्याचा प्राध्यापक आणि आकाशवाणीचा वृत्तनिवेदक असे तिघेही दोन्ही शब्द सारखेच, ईकार लांबवून उच्चारतात. दिन आणि दीन, सुत आणि सूत, सुर आणि सूर, द्विप आणि द्वीप या जोड्यांचेही तेच. उच्चार एक आणि अर्थ दोन अशा या शब्दांना समोच्चारी शब्द म्हणतात. ते लिहावेत कसे, कानाला ऐकू येतात तसे की डोळ्याला अर्थ कळेल तसे, हा मराठीतला जुना आणि अजून न मिटलेला प्रश्न आहे.

तो आता एकट्या मराठीचा राहिलेला नाही. सन २००० पासून महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. समोच्चारी शब्दांसाठी जगात सर्वांत प्रसिद्ध असलेली भाषा आणि आपली ऱ्हस्व-दीर्घाची अडचण या दोन्ही गोष्टी आता एकाच दप्तरात असतात. त्यामुळे दोन्हींकडे एकत्र पाहणे भाग आहे.

या आढाव्यात फलटणचा उल्लेख वारंवार येईल. १९६०च्या दशकात मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाभ्यासक इथली बोली अभ्यासायला आल्या. फलटणच्या मराठीत समाजाच्या थरांप्रमाणे उच्चार आणि रूपे कशी बदलतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि फलटणलाच घर केले. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी मराठीचे संदर्भ-व्याकरण इंग्रजीतून लिहिले. ते १९७५ साली प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. बोलीचा अभ्यास आणि मुलांना लिहा-वाचायला शिकवणे ही दोन कामे एकाच गावात आणि एकाच व्यक्तीच्या पुढाकाराने झाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात फार थोडी आहेत. समोच्चारी शब्दांचा प्रश्न नेमका या दोन कामांच्या सांध्यावर उभा आहे.

इंग्रजीची वाट

इंग्रजीत समुद्रही ‘सी’ आणि पाहणेही ‘सी’. मांस ‘मीट’, भेटणेही ‘मीट’. रात्र ‘नाइट’ आणि मध्ययुगीन सरदारही ‘नाइट’. बरोबर, लिहिणे, धार्मिक विधी आणि जुन्या अर्थाने कारागीर असे चार ‘राइट’ आहेत. प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे. हे निराळेपण अर्थ ओळखता यावा म्हणून कोणी मुद्दाम आणले, असा समज सर्रास असतो. बहुतेक शब्दांबाबत तो चुकीचा आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हा सरदाराच्या ‘नाइट’मधला आरंभीचा ‘क’ लोक खरोखर उच्चारत होते, आणि समुद्राचा स्वर पाहण्याच्या स्वराहून वेगळा होता. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपल्या जागेवरून सरकले, काही व्यंजने गळाली आणि वेगळे शब्द कानाला एक झाले. छापखान्यामुळे स्पेलिंग मात्र जागच्या जागी राहिले. आज मुले जे पाठ करतात ते पाचशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराचे टिपण आहे.

याच्या उलट वाटेने आलेले शब्दही आहेत. फूल या अर्थाचा ‘फ्लॉवर’ आणि पीठ या अर्थाचा ‘फ्लॉवर’ हे मुळात दोन शब्द नव्हतेच. धान्याचा निवडक, उत्तम अंश म्हणजे त्याचे जणू फूल, या अर्थाने पिठाला तो शब्द लागला. स्पेलिंगची फारकत मागाहून झाली. म्हणजे लेखनातला फरक कधी जुना उच्चार जपतो, तर कधी नवा अर्थ वेगळा काढतो. ही दोन निरनिराळी कामे आहेत. मराठीच्या वादात ती बरेचदा एक धरली जातात.

समोच्चारी शब्दांमुळे भाषेचे नुकसान होते का, यावर इंग्रजीत शंभर वर्षांपूर्वीच दोन तट पडले. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१९ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. इंग्रजीत असे शब्द प्रमाणाबाहेर झाले आहेत, दक्षिण इंग्लंडच्या ढिल्या उच्चाराने ते वाढतच आहेत आणि त्यापायी चांगले शब्द वापरातून जातील, अशी त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती. फ्रेंच बोलींचा नकाशा करणाऱ्या झ्यूल झिलियेराँ यांना नैऋत्य फ्रान्सच्या गॅस्कनी भागात तिचे उदाहरण सापडले होते. तिथल्या ध्वनिबदलांनी कोंबडा आणि मांजर हे दोन्ही शब्द ‘गत’ झाले. एकाच अंगणात वावरणारे हे दोन प्राणी. त्यांची नावे एक होणे कोणालाच परवडणारे नव्हते. लोकांनी कोंबड्याचा शब्द सोडून दिला आणि त्याला कुठे तितराच्या जातीच्या पक्ष्याचे, तर कुठे चर्चमधल्या सहायक धर्मगुरूचे नाव दिले.

दुसरा तट म्हणतो, भाषा सहसा इतकी असहाय नसते. २०१२ साली पियांटाडोसी, टिली आणि गिब्सन यांनी मांडले की एकाच ध्वनीला अनेक अर्थ असणे हा दोष नाही, ती सोय आहे. छोटे, सोपे उच्चार पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि नेमका अर्थ संदर्भ पुरवतो. २०१३ साली वेडेल, कॅपलन आणि जॅक्सन यांच्या अभ्यासात असे दिसले की जो ध्वनिभेद पुष्कळ शब्द एकमेकांपासून वेगळे ठेवतो तो सहसा टिकतो. थोड्याच शब्दांचा भार असलेला भेद लवकर पुसला जातो. मराठीला हे जसेच्या तसे लावता येणार नाही, पण एक विचार त्यातून सुचतो. आपल्या बोलण्यातून ‘इ’ आणि ‘ई’ यांतला अर्थभेद गेला, कारण कदाचित त्याच्यावर फार शब्द अवलंबून नव्हते. ‘ल’ आणि ‘ळ’ यांचे तसे नाही. काल आणि काळ, वेल आणि वेळ रोजच्या बोलण्यात लागतात, म्हणून तो भेद बहुतेक ठिकाणी ठाम उभा आहे.

मराठीत हे कसे घडले

मराठी बोलण्यात इकार-उकाराची लांबी शब्दातल्या जागेवर ठरते. शेवटी आला की लांब. शेवटच्या अक्षरात ‘अ’ असेल तर त्याच्या आधीचाही लांब. त्यामुळे गुण लिहिताना ऱ्हस्व असला तरी उच्चारात लांबतोच. संस्कृतात लांबी अर्थ बदलते. मराठीत ती अर्थ बदलत नाही, उच्चाराच्या लयीबरोबर येते. अर्थभेदाची जबाबदारी मग केवळ लेखनावर पडते.

लेखनानेही ती नेहमी उचलली, असे नाही. जुन्या मराठी पोथ्यांत ऱ्हस्व-दीर्घ एका पानावरच बदलताना दिसतात. महानुभावांची दक्षिण काशी म्हणून फलटणची ओळख आहे आणि त्या पंथाने ग्रंथांच्या नकला डोळ्यांत तेल घालून जपल्या. तरी ऱ्हस्व-दीर्घाची आजच्यासारखी एकवाक्यता त्या काळाची अपेक्षाच नव्हती. मोडी लिपीने तर प्रश्नच काढून टाकला. मोडीत इकाराला एकच खूण आणि उकाराला एकच. निंबाळकरांच्या फलटण संस्थानासकट मराठी मुलखाचा कारभार, वतनांचे कागद, सावकाराच्या वह्या, घरची पत्रे शेकडो वर्षे अशाच लिहिल्या गेल्या. ऱ्हस्व-दीर्घ सुटले तर मराठी कळेनाशी होईल, असे म्हणणाऱ्याने हा पुरावा टाळू नये. मोडी वाचणाऱ्याला विषयाची आधीच जाण असे, ठरावीक मायने ठरावीक क्रमाने येत, हे मात्र त्या पुराव्याच्या दुसऱ्या बाजूला नोंदवायला हवे.

आजचा नियमबद्ध ऱ्हस्व-दीर्घ एकोणिसाव्या शतकात आकाराला आला. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले. मेजर थॉमस कँडी यांनी शालेय पुस्तकांची भाषा घासूनपुसून एका ठशात आणली. छपाईला बाळबोध लिपी लागली, बाळबोधेला नियम लागले आणि नियम करणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे संस्कृत होते.

त्या काळच्या लेखनात अर्थभेदाचे आणखी एक साधन होते, ते म्हणजे न उच्चारला जाणारा अनुस्वार. माणसाचे ‘नांव’ अनुस्वाराने लिहीत आणि नदीतली ‘नाव’ त्याशिवाय. ‘हें घर’ आणि ‘हे लोक’ यांत नपुंसकलिंगी एकवचन कोणते आणि पुल्लिंगी अनेकवचन कोणते, ते एका टिंबावरून कळे. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या आणि शासनाने १९६२ साली स्वीकारलेल्या १४ नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. १९७२ साली चार नियम वाढून ते १८ झाले. आता अर्थाचा घोळ होईल, ही जुन्या पिढीला तेव्हा वाटलेली भीती आज तपासून पाहता येते, आणि ही तपासणी या वादात फार क्वचित होते. साठ वर्षे आपण दोन्हीकडे ‘नाव’ आणि दोन्हीकडे ‘हे’ लिहीत आहोत. ‘नाव बुडाली’ आणि ‘नाव सांग’ वाचताना कोणी अडखळत नाही. ‘घराण्याचे नाव बुडवले’ हा वाक्प्रचारही नदीत उतरत नाही.

तीन भूमिका

पहिली भूमिका व्युत्पत्तीची. तिचे म्हणणे असे की संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द त्याच्या मूळ रूपातच लिहावा. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब हे रूपावरून कळते, एवढाच याचा फायदा नाही. दिनकर, दैनिक, दैनंदिन हे एक कुळ. दीनदयाळ, दैन्य हे दुसरे. रूप पुसले तर कुळाची ओळख पुसते आणि हिंदी, बंगाली, कन्नडशी असलेला शब्दांचा सांधा सैल होतो. या भूमिकेचा सर्वांत भक्कम आधार छंदाचा आहे. अक्षरगणवृत्त असो की मात्रावृत्त, लघु-गुरू धरल्याशिवाय ते चालत नाही. फलटणच्या शेजारी बारामतीला बसून मोरोपंतांनी आर्यांचा डोंगर रचला तो मात्रांच्या हिशेबावर. त्यांची आणि वामनपंडितांची यमके तर समोच्चारी अक्षरसमूहांवरच उभी आहेत. सारखा ध्वनी आणि वेगळा अर्थ ही त्यांना अडचण वाटली नाही, ते त्यांचे भांडवल होते. कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट मात्र महामंडळाच्या नियमांनीही दिली आहे.

दुसरी भूमिका उच्चाराची. बोलण्यात जो भेद नाही तो लेखनात लादू नये, असे तिचे सूत्र आहे. काहींच्या मते सगळे इकार-उकार दीर्घ करावेत, काहींच्या मते एकच खूण ठेवावी. लाखो मुले जो फरक ऐकूच शकत नाहीत त्यासाठी त्यांना चूक ठरवायचे आणि त्या चुकीला ‘अशुद्ध’ म्हणायचे, यात अन्याय आहे, हे या बाजूचे मूळ दुखणे. ‘शुद्धलेखन’ हा शब्द सोडून ‘प्रमाणलेखन’ किंवा ‘लेखननियम’ म्हणण्याकडे गेल्या काही दशकांत जो कल दिसतो, तो याच विचारातून आला. पाठ्यपुस्तकांनीही ‘लेखननियम’ हा शब्द उचलला आहे. या बाजूने न सोडवलेली अडचण व्यवहाराची आहे. दीडशे वर्षांचे छापील मराठी, कोशांचा अकारविल्हे क्रम, संस्कृत समास यांचे काय करायचे, याचे एकमताचे उत्तर तिच्याकडे नाही.

आणि तिसरी भूमिका म्हणते, आहे ते नीट पाळा. नियम परिपूर्ण नसतील, पण ते सर्वांना सारखे आहेत. दर पिढीला बदलले तर वाचकाचे डोळे कधीच स्थिरावणार नाहीत. मो. रा. वाळंबे यांच्या पुस्तकांवर शिक्षकांच्या पिढ्या पोसल्या. अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोश’ने २००१ साली शब्दांची योग्य रूपे मुद्रितशोधकांच्या टेबलावर आणून ठेवली. द. न. गोखले यांच्या १९९३च्या ‘शुद्धलेखन विवेक’मध्ये या सगळ्या वादाची चिकित्सा आहे. नियमांच्या बाजूने असो वा विरोधात, ज्याला बोलायचे आहे त्याने ते पुस्तक आधी वाचावे.

मला स्वतःला तिन्ही बाजूंत तथ्य दिसते, पण एका मुद्द्यावर पहिल्या भूमिकेचा दावा तपासून घ्यावा असे वाटते. ऱ्हस्व-दीर्घ अर्थभेद टिकवतो, हा तो दावा. प्रचलित नियम प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. सूत हा मराठी शब्द. विभक्ती लागली की त्याचा उकार ऱ्हस्व होतो, ‘सुताने’. सुत म्हणजे मुलगा, हा संस्कृत, त्याचेही ‘सुताने’. दोघे एक झाले. सूर आणि सुर यांचे ‘सुरांनी’ एकच. पिके आणि कोकिळ या दोघांनाही ‘पिकांना’. म्हणजे ज्या जोड्या अर्थभेदाचे उदाहरण म्हणून वर्गात सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच विभक्तीचा प्रत्यय लागताच नियमानेच एकरूप होतात. शब्दाच्या शेवटीही तसेच. महामंडळाच्या नियमाने सुटा तत्सम शब्द दीर्घान्त लिहायचा, म्हणून सूर्य या अर्थाचा रवि झाला ‘रवी’ आणि ताक घुसळायच्या रवीत मिसळला. हात या अर्थाचा पाणि सुटा लिहिला तर ‘पाणी’च होतो, पाणिग्रहणात मात्र ऱ्हस्व राहतो. दिन-दीन, द्विप-द्वीप अशा दोन्ही बाजू संस्कृत असलेल्या जोड्या तेवढ्या सगळ्या रूपांत वेगळ्या टिकतात. आणि हत्तीला द्विप आजच्या मराठीत कोण म्हणते?

यावरून ऱ्हस्व-दीर्घ निरुपयोगी ठरत नाही. त्याचा खरा उपयोग समोच्चारी जोड्या वेगळ्या काढण्यात कमी आणि शब्दाचे ओळखीचे चित्र डोळ्यापुढे उभे करण्यात जास्त आहे, इतके मात्र दिसते. सराईत वाचक अक्षरे जुळवत बसत नाही, शब्द ओळखतो. ‘मंदीर’ किंवा ‘विहिर’ वाचताना अर्थ कळतोच, तरी नजर क्षणभर अडकते.

यालाही दुसरी बाजू आहे. गाय व्हॅन ऑर्डन यांनी १९८७ साली इंग्रजी वाचकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ‘हे फुलाचे नाव आहे का?’ असे विचारून त्यांना गुलाबाऐवजी रांगा या अर्थाचे ‘रोझ’ दाखवले. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळे. चांगले वाचणारेही पुष्कळदा ‘हो’ म्हणाले. डोळ्याने वाचतानाही मनात ध्वनी उमटतो आणि तो डोळ्याला चकवतो. मुद्रितशोधकांना हे ठाऊक असते. समोच्चारी चूक सर्वांत चिवट, ती तीन वाचनांतून निसटते.

वर्गात काय होते

आता वही उघडू. फलटण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीतल्या चौथीच्या वर्गाची कल्पना करा. बाई शेतीवर पाच ओळी लिहायला सांगतात. मूल लिहिते : ‘आमच्या पिकात तन लई झालं. आई खुरपायला गेली. ऊसाला पानी दिलं.’ लाल शाई तीन ठिकाणी पडेल, पण तिन्ही चुकांचे मूळ एक नाही.

‘ऊसाला’ ही नियमाची चूक. ऊस एकटा असताना दीर्घ, प्रत्यय लागला की ‘उसाला’. हा नियम मराठीत अतिशय नियमित आहे : फूल–फुलाला, मूल–मुलाला, वीट–विटेला, सून–सुनेला, विहीर–विहिरीत. शिवाय इथे मुलाच्या तोंडचा उच्चार खरोखरच आखूड होतो. म्हणजे कान मदतीला येऊ शकतो, फक्त तिकडे लक्ष वेधायला हवे.

‘तन’ आणि ‘पानी’ यांत कान मदत करत नाही. मुलाच्या घरात ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून पिकातले तण आणि शरीर या अर्थाचे तन त्याच्यासाठी समोच्चारी आहेत. मन आणि मण, कोन आणि कोण, खान आणि खाण हेही तसेच. प्रमाणभाषा घरात असलेल्या मुलाला या जोड्या समोच्चारी नाहीतच. समोच्चारी शब्दांची यादी प्रत्येक बोलीची वेगळी असते, ही गोष्ट नियमांच्या वादात जवळजवळ कुठेच येत नाही. पीक-पिक ही अडचण सगळ्यांची सारखी. तण-तन ही काहींचीच. चुकीला गुण कापताना मात्र दोन्ही एका मापाने मोजल्या जातात. बोलीतले भेद सामाजिक थरांशी बांधलेले असतात, हे फलटणच्या अभ्यासाने दाखवून दिले होते. लेखनाच्या मूल्यमापनात ते अजून उतरलेले नाही.

तेच मूल पुढच्या तासाला इंग्रजीचे पुस्तक उघडते. त्यात समोच्चारी शब्दांच्या याद्या असतात आणि त्या लंडनच्या कानाने केलेल्या असतात. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘कोर्ट’ आणि पकडले या अर्थाचे ‘कॉट’ सारखे ऐकू येतात, कारण तिथे मधला ‘र’ उच्चारत नाहीत. आपण तो ठणठणीत उच्चारतो, त्यामुळे आपल्या मुलांना ही जोडी कळतच नाही. उलट पश्चिम दिशा, बनियन, कचरा आणि कंबर या चार अर्थांचे चार इंग्रजी शब्द आपल्याकडे सरसकट ‘वेस्ट’ होतात. लंडनमध्ये त्यांतले शेवटचे दोनच एक आहेत. पेन आणि वेदना दोन्ही ‘पेन’. फाटक आणि मिळवणे दोन्ही ‘गेट’. उशीर आणि ‘करू दे’ हे दोन्ही ‘लेट’. जहाज आणि मेंढी यांतला फरक तर इकाराच्या लांबीचाच, म्हणजे नेमका तोच जो मराठी कान अर्थासाठी वापरत नाही. मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी समोच्चारी इंग्रजी शब्दांची यादी वेगळी करावी लागेल, हे इतके उघड असून शालेय पुस्तकांत ती क्वचितच दिसते. हे काम अवघड नाही. एखाद्या तालुक्यातले इंग्रजीचे शिक्षक एकत्र बसले तर ते करू शकतील.

नवी भर

इंग्रजी शब्द मराठीत रुळल्यामुळे समोच्चारी शब्दांची नवी पिढी तयार झाली आहे. ‘बस’ म्हणजे बसायला सांगणे आणि ‘बस’ म्हणजे एसटी. हाताचे बोट आणि पाण्यातली बोट. ‘मग’ म्हणजे त्यानंतर आणि ‘मग’ म्हणजे पाणी घ्यायचा. घड्याळाचा सेल आणि कापडदुकानातला सेल. हे शब्द लिहायलाही एकच आणि बोलायलाही एकच. तरी त्यांबद्दल कोणी तक्रार करत नाही. देशी शब्दांत असे कितीतरी आहेत. नीरा उजव्या कालव्याच्या भागात पाट म्हणजे पाण्याचा, पाट म्हणजे जेवायला बसायचा आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात पाट लावणे म्हणजे पुनर्विवाह. खुद्द नीरा ही नदी आणि पहाटे प्यायची नीराही. संदर्भ आपले काम चोख करतो.

उलट्या प्रकारचे शब्दही इथे नोंदवायला हवेत : लेखन एक, उच्चार दोन. थोडे या अर्थाचा ‘जरा’ दातांजवळ उच्चारतात, म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ तालूजवळ. दुनिया या अर्थाचे ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ यांतही तोच भेद. च, ज, झ यांचे हे दोन उच्चार मराठी माणूस जन्मभर अचूक करतो, पण त्यांच्यासाठी वेगळी खूण कोणी मागत नाही. जो भेद ऐकू येतो तो आपण लिहीत नाही आणि जो ऐकू येत नाही तो लिहितो.

अनिर्णित काय आहे

सर्वांत मोठी उणीव पुराव्याची आहे. कोणत्या चुकीने वाचन खरोखर अडते आणि कोणती फक्त खटकते, यावर मराठीतला वाद मुख्यतः मतांवर चालतो. मुलांच्या वह्यांतल्या चुका बोलीनुसार, इयत्तेनुसार वेगळ्या करून मांडलेला मोठा संग्रह हाती असेल, तर नियम बदलायचे की शिकवण्याची पद्धत बदलायची, हे ठरवणे सोपे जाईल.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लेखनही लटकलेले आहे. ते मराठी धरायचे की परके? ‘टीम’ला प्रत्यय लागला की मराठी नियमाने ‘टिमेला’ व्हायला हवे. लिहितात सगळे ‘टीमला’. ‘स्कूल’चे ‘स्कुलात’ कोणी करत नाही, पण ‘बूट’चे ‘बुटात’ सहज होते. शब्द किती रुळला यावर हे ठरते असे दिसते, आणि रुळण्याचे माप कोणाच्या हातात नाही.

गुणांचा प्रश्न शिक्षण खात्याच्या अखत्यारीतला आहे, पण त्यावर भाषेच्या लोकांनी बोलायला हवे. विचार मांडण्याचे गुण वेगळे आणि लेखननियमांचे वेगळे ठेवले तर नियम शिकवणेही टिकते आणि मुलाचे लिहिणेही थांबत नाही, असे अनेक शिक्षक म्हणतात. याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा की वेगळे काढलेले गुण मुले सोडूनच देतात. दोन्ही अनुभव खरे असू शकतात. इयत्तेप्रमाणे उत्तर बदलेल, असे माझे मत आहे. चौथीपर्यंत विभक्तीचा नियम शब्दांच्या जोड्यांतून, कानाने शिकवावा आणि पीक-पिक, दिन-दीन यांसारख्या फक्त डोळ्यांच्या जोड्या मुले भरपूर वाचू लागल्यावर घ्याव्यात.

शेवटचा प्रश्न यंत्राचा. आता शेतकरी मोबाइलला सांगतो आणि मोबाइल लिहितो. आवाजावरून लिहिताना यंत्राला दीन आणि दिन यांत निवड करावी लागते, आणि तीही ते माणसासारखी संदर्भावरूनच करते. छापील मराठीवर पोसलेले यंत्र प्रमाण रूपाकडे झुकणार, म्हणजे ‘तन लई झालं’ म्हणणाऱ्याच्या हाती ‘तण’ आपोआप येईल. यातून प्रमाणलेखन सगळ्यांच्या आवाक्यात येईल की लिहिणाऱ्याचा नियमांशी असलेला उरलासुरला संबंधही सुटेल, यावर मराठीत अजून गंभीर चर्चा सुरू झालेली नाही. महामंडळाचे नियम झाले तेव्हा लेखणी माणसाच्या हातात होती. ती यंत्राच्या हातात असताना कोणते भेद राखायचे, हे आता भाषातज्ज्ञ, शिक्षक आणि संगणकाचे लोक यांना एकत्र बसून ठरवावे लागेल.